सँ मालोला जाताय? हॉटेलच्या आधी तिथी बघा

आमच्या अलिबागला कुलाबा किल्ल्यात जायचं असेल तर कोणी मॅप उघडून बसत नाही, किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारतात, "पाणी कधी उतरतंय?" फ्रान्समधल्या सँ मालोला गेल्यावर नेमका हाच प्रश्न विचारायचा असतो, आणि मी अलिबागचा असूनसुद्धा पहिल्या खेपेला तो विचारला नाही. हॉटेलचं वीकेंड डील दिसलं, बुक केलं, आईबाबांना घेऊन पोचलो. तिन्ही दिवस ओहोटी सकाळी नऊच्या आणि रात्री नऊच्या आसपास. सकाळी आम्ही नाश्ता करत असताना पाणी खाली, आणि बाहेर पडून फोटोबिटो काढत समुद्राकडे पोचेपर्यंत बेटांचे रस्ते पाण्यात. आई तटावर उभी राहून म्हणाली, "एवढ्या लांब येऊन किल्ला लांबूनच बघायचा होता तर आपला बरा होता की." बरोबरच होतं तिचं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सगळं उलट्या क्रमाने केलं, आधी समुद्र, मग तारखा, मग हॉटेल. त्याच क्रमाने सांगतो.

तारखा कशा ठरवायच्या

सँ मालो ब्रिटनीच्या, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. इथली भरती-ओहोटी युरोपातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत १२-१३ मीटरचा फरक पडतो. आपल्याकडे मुंबईत साडेचार-पाच मीटरची भरती आली की पावसाळ्यात बातमी होते, त्यावरून अंदाज घ्या. म्हणजे सकाळी जिथे बोट तरंगत होती तिथे दुपारी पोरं फुटबॉल खेळताना दिसतात, हे अजिबात वाढवून सांगत नाहीये.

फ्रेंच लोक प्रत्येक भरतीला एक गुणांक देतात, ते त्याला 'कोएफिसियां' म्हणतात, २० ते १२० च्या मधला आकडा. ७० म्हणजे मध्यम, ९५ च्या वर गेला की आपलं उधाण, ४५ च्या खाली म्हणजे भांगाचं, कमी चढउताराचं पाणी. वर्षातली सगळ्यात मोठी उधाणं मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास येतात, १०० च्या वर गुणांक असेल आणि जोडीला वारा असेल तर सियों नावाच्या किनारी रस्त्यावर लाटा भिंतीवरून उडून थेट रस्त्यावर येतात, लोक खास तेवढं बघायला येतात.

आता कालनिर्णय काढा. खरंच काढा. मोठी पाणी अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतात, हे कोकणातल्या कोणालाही माहीत आहे. आपल्याकडे तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात (अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास), ते गणित सँ मालोला लागू पडत नाही कारण किनारा वेगळा, पण त्यामागचं तत्त्व तेच: चंद्र आणि घड्याळ बांधलेले असतात. आपल्याकडे पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, सँ मालोला उधाणाच्या दिवसांत भरती सकाळी-संध्याकाळी आणि ओहोटी दुपारी, उन्हाळी वेळेनुसार तीन-चारच्या सुमारास. आणि अष्टमीच्या आसपास गेलात की आमच्यासारखं होतं, ओहोटी सकाळी नाश्त्याला आणि रात्री जेवणाला. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढचे तीन-चार दिवस धरा, उत्तम. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने मला आवडतात, जुलै-ऑगस्टला अख्खा फ्रान्स तिथे उतरलेला असतो.

नक्की वेळा टूरिस्ट ऑफिसच्या वेळापत्रकात मिळतात, ऑनलाइनही. त्यात एक गंमतशीर खड्डा आहे. फ्रेंच वेळापत्रकात 'पीएम' लिहिलेलं असतं, आपण वाचतो दुपारनंतर! तो अर्थ नाही. पीएम म्हणजे 'प्लेन मेर', पूर्ण भरती. बीएम म्हणजे 'बास मेर', ओहोटी. माझ्या एका मित्राने यावर अख्खा दिवस घालवलाय. दुसरं म्हणजे काही छापील तक्ते उन्हाळी वेळ धरत नाहीत, त्यात एक तास मिळवावा लागतो, तळटीप वाचा.

व्हिसा आणि पोचणं

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतोच, इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनासुद्धा, युकेचा व्हिसा असला तरी. फी मोठ्यांना ९० युरो, किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून हे पहिलं करा, म्हणजे तारखा काढून झाल्यावर लगेच.

पॅरिसहून मोंपारनास स्टेशनवरून टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान रेल्वे घ्या. २०१७ मध्ये रेन या शहरापर्यंतची फास्ट लाइन झाली तेव्हापासून थेट गाडी सव्वादोन तासांच्या आसपास पोचवते, थेट नसेल तर रेनला गाडी बदलायची, तिथून पुढे तासाभराच्या आत. तिकिटं जितकी लवकर तितकी स्वस्त, शेवटच्या आठवड्यात भाव बघून डोळे पांढरे होतात. विमानतळावरून थेट यायचं असेल तर शार्ल द गोलवरून रेनला जाणाऱ्या काही थेट टीजीव्ही आहेत, पॅरिस शहरात शिरायची गरजच नाही, सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हेच करा.

इंग्लंडमधल्या मंडळींसाठी पोर्ट्समथहून रात्रीची फेरी आहे. संध्याकाळी बसायचं, केबिनमध्ये झोपायचं, सकाळी सँ मालो. आणि सकाळी लवकर उठून डेकवर जा प्लीज, कारण या गावाला समुद्रावरून येणं हीच खरी एन्ट्री आहे, खडकांची रांग, छोटे छोटे किल्ले, मागे करडी तटबंदी आणि मध्ये चर्चचा सुळका. थंडीत फेऱ्या कमी होतात, ते बघून घ्या.

स्टेशनपासून तटबंदीचं गाव दीड किलोमीटरच्या आसपास, पंधरा-वीस मिनिटं चालत, सपाट रस्ता, बसही आहे. गाडी घेऊन येत असाल तर तटाच्या आत न्यायचा विचार सोडा, बाहेर पॉल फेव्हाल नावाचं पार्क-अँड-राइड आहे तिथे लावा.

राहायचं कुठे

तीन पर्याय आहेत आणि माझं मत ठाम आहे. तटाच्या आत, ज्याला ते 'आंत्रा-म्युरॉस' म्हणतात, तिथे रात्री गर्दी उतरल्यावर जी मजा आहे ती दुसरीकडे नाही, पण खोल्या लहान, जिने अरुंद, लिफ्ट असेलच असं नाही आणि दगडी रस्त्यावर चाकांची बॅग ओढताना सगळ्या गल्लीला कळतं की पाहुणे आले. सियोंच्या बाजूला समोर तीन किलोमीटरची पुळण, खिडकीतून समुद्र, भाव चढे. तिसरं म्हणजे सँ सेर्वां, दक्षिणेकडचा शांत भाग, तिथे चौदाव्या शतकातला सॉलिदोर बुरूज आहे, बाजारहाट स्थानिक लोकांची. आईबाबांबरोबर गेलात तर सियों, दोघंच असाल तर तटाच्या आत एक-दोन रात्री. पोरं बरोबर असतील तरी सियोंच, त्यांना वाळूतून उठवणं हाच मोठा प्रश्न असतो.

पहिली संध्याकाळ: तटावरून एक फेरी

बॅगा टाकून थेट तटावर चढा. फुकट आहे, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, रमतगमत दीड तास. पोर्त सँ व्हँसां हा मुख्य दरवाजा, तिथून उजव्या हाताला किल्ल्याच्या बाजूने सुरू करा म्हणजे समुद्र उजवीकडे राहतो आणि सूर्य मावळायच्या वेळी तुम्ही पश्चिमेकडे पोचता.

या किल्ल्याच्या एका बुरुजाचं नाव 'कीकांग्रोन्य' आहे. ब्रिटनीची डचेस आन हिचं गावकऱ्यांशी पटत नव्हतं, तिने बुरूज बांधला आणि वर कोरायला लावलं, अर्थ साधारण असा की कुरकुर करणाऱ्यांनी करावी, हे असंच होणार, माझी मर्जी. गावही काही कमी नव्हतं. १५९० ते १५९४ ही चार वर्षं सँ मालोने स्वतःला स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणवून घेतलं. इथले लोक आजही म्हणतात की आम्ही फ्रेंच नाही, ब्रेतों (ब्रिटनीचे) नाही, आम्ही मालुआं, सँ मालोचे. (फॉकलंड बेटांना स्पॅनिशमध्ये माल्विनास का म्हणतात माहितीये? इथल्या मालुआं खलाशांवरून. एवढंसं गाव!)

पुढे सुर्कूफचा पुतळा लागतो, समुद्राकडे बोट दाखवणारा. इथे जरा थांबा कारण इथे आपला संबंध येतो. रॉबेर सुर्कूफ, १७७३ चा जन्म, हा कॉर्सेर, म्हणजे राजाचा किंवा सरकारचा परवाना घेऊन शत्रूची जहाजं लुटणारा. पायरेट म्हणालात तर गाइड लगेच दुरुस्त करतात, कागद असला की लूट कायदेशीर. याने १८०० साली बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' हे स्वतःच्या जहाजापेक्षा कितीतरी मोठं जहाज पकडलं. आणि त्याच्या आधी याच गावचा ल बुर्दोने, ज्याने १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेतलं. शाळेत कर्नाटक युद्धांत ही नावं पाठ केली होती, ती माणसं या गल्ल्यांतून निघाली होती हे तटावर उभं राहिल्यावर कळतं.

आणखी पुढे हॉलंडचा बुरूज, तिथे कुत्र्यांची जुनी घरं आहेत. रात्री दरवाजे बंद झाले की ओहोटीत कोरड्या पडलेल्या जहाजांच्या राखणीला मोठमोठे कुत्रे किनाऱ्यावर सोडायचे. हा प्रकार शतकानुशतकं चालला आणि १७७० मध्ये त्या कुत्र्यांनी एका नौदल अधिकाऱ्याला फाडल्यावर बंद झाला. आता बंदराची गोदी कुलूपबंद आहे, म्हणजे दरवाजे बंद करून आतलं पाणी एका पातळीला धरून ठेवतात, म्हणून ओहोटीतही जहाजं तरंगतात. तटाच्या पूर्वेकडून ही गोदी छान दिसते.

चालताना आतल्या बाजूच्या उंच ग्रॅनाइटच्या घरांकडे बघा, सगळी सतराव्या-अठराव्या शतकातली वाटतील. बहुतेक नाहीत. १६६१ च्या आगीत लाकडी घरं गेली तेव्हा दगडी बांधली, आणि ती १९४४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन सैन्याच्या वेढ्यात बॉम्बगोळ्यांनी आणि आगीने उद्ध्वस्त झाली, तटाच्या आतलं साधारण ऐंशी टक्के गाव. तट मात्र टिकला. मग युद्धानंतर जवळपास जुन्यासारखंच पुन्हा उभारलं. काही जण म्हणतात मग हे खोटंच की. मला नाही वाटत तसं, आपण किती वाड्यांच्या जागी काय बांधलं ते आठवा. खरंखुरं जुनं बघायचं असेल तर दास्फेल्ड रस्त्यावरचा कॉर्सेरचा वाडा बघा, १७२५ चा, फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या एका डायरेक्टरचा, गाइडबरोबरच आत सोडतात. कॅथेड्रलमध्ये कॅनडाला गेलेल्या झाक कार्तिएची कबर आहे, तिथे दहा मिनिटं पुरे.

दुसरा दिवस: पाणी उतरल्यावर

हा मुख्य दिवस, आणि इथे घाई केलीत तर पस्तावाल.

ओहोटीच्या वेळेच्या दोन तास आधी बॉं-सकूरच्या पुळणीवर जा. तिथे समुद्रातच बांधलेला पोहण्याचा हौद आहे, भरतीत सगळं बुडतं आणि उडी मारायचा मनोरा तेवढा पाण्यातून वर दिसतो, पाणी उतरलं की हौद भरलेला मागे राहतो. ऑगस्टमध्येही पाणी थंडच, १७-१८ डिग्री, आपल्याला कोकणाच्या पाण्याची सवय, मी गुडघ्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

तिथूनच दगडी वाट उघडी पडते ती ग्रां बे या बेटावर जाते. शेवाळ असतं, बूट ग्रिपचे घाला, चप्पल नको, साडी असेल तर जरा वर खोचून घ्या. वर शातोब्रियां या लेखकाची कबर आहे, साधा क्रूस, नावसुद्धा नाही, त्याला समुद्र आणि वारा एवढंच ऐकू यायला हवं होतं. बेटाच्या पुढे प्ती बे, त्यावर किल्ला, तिथे जायला वेळ आणखी कमी मिळतो म्हणून आधी तिकडे, येताना ग्रां बे, असा क्रम ठेवा.

आता परतण्याचं. वाटेच्या तोंडाशी वेळांचा बोर्ड असतो, फोटो काढून ठेवा. माझा नियम: ओहोटीच्या नेमक्या वेळेनंतर तासाभरात परत वाटेवर. पाणी सुरुवातीला हळू चढतं आणि म्हणूनच फसवतं. भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या-चौथ्या तासात एकूण चढाच्या निम्मं पाणी येतं, बारा मीटरचा चढ असेल तर तासाला तीन मीटर, म्हणजे मिनिटाला पाच सेंटिमीटर. फोटो काढेपर्यंत घोटा, फोन खिशात टाकेपर्यंत पोटरी. वाट बुडालेली दिसली तर उतरू नका, बेटावरच थांबा, पाणी पुन्हा उतरेपर्यंत सहा तास बसायला लागतील पण माणूस सुखरूप राहतो. पाण्यातून धावत येण्याचं धाडस करणाऱ्यांनाच बोटीने काढायची वेळ येते. बॅगेत पाणी, बिस्किटं, एक जाकीट ठेवाच.

दुसऱ्या बाजूला फोर नास्योनाल, १६८९ चा, व्होबां या लष्करी इंजिनिअरच्या योजनेतला. हा अगदी आपला कुलाबा, पुळणीवरून चालत जायचं. फ्रेंच झेंडा फडकत असेल तर उघडा, नसेल तर बंद, एवढं सोपं. १९४४ च्या वेढ्यात जर्मनांनी गावातल्या शेकडो पुरुषांना इथे डांबलं होतं, गाइड ते सांगतात तेव्हा गप्प व्हायला होतं. एकाच ओहोटीत ग्रां बे आणि हा किल्ला दोन्ही उधाणाच्या दिवशी जमतं, पण आईबाबा असतील तर दोन दिवसांत वाटून घ्या.

सियोंच्या पुळणीवर जाड ओकचे खांब रोवलेले दिसतील, लाटांचा जोर मोडायला, एकोणिसाव्या शतकापासूनचे. ओहोटीत त्यांच्यातून चालत जा, भरतीत भिंतीवरून बघा. एकच जागा दोनदा बघायची ती अशी.

खायचं काय

गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं धिरडं, दुसरं काही नाही. हो तेच कुट्टू जे उत्तरेत उपासाला खातात, इथे त्याला 'साराझँ' किंवा 'ब्ले न्वार' म्हणतात. 'कॉंप्लेत' मागवली की हॅम, अंडं, चीज येतं, साधारण १० ते १४ युरो. शाकाहारी असाल तर "सां झांबों" म्हणजे हॅमशिवाय म्हणा, किंवा चीज-मशरूम घ्या. काही ठिकाणी तवा चरबीने पुसतात, कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारावं. आई म्हणाली जाळी छान पडलीय पण मीठ-मिरची कुठाय, तेव्हा लसणाची चटणी बॅगेतून निघाली, वेटरने वास घेऊन बघितला आणि हसला. गोड क्रेप गव्हाचं, खारवलेल्या बटरचं कॅरमेल घालून, ते मात्र तिने दोन खाल्ले. सिद्र ही सफरचंदाची हलकी दारू मातीच्या वाटीत देतात, न पिणाऱ्यांना सफरचंदाचा ज्यूस त्याच वाटीत मिळतो.

जेवणाच्या वेळा कडक आहेत, दुपारी बारा ते दोन, रात्री सात ते साडेनऊच्या आसपास. बेटावरून चार वाजता भुकेले परत आलात तर बेकरीशिवाय फारसं काही नाही, ओहोटी दुपारची असेल तर जेवून निघा. बेकरीत कुइन्यामान मागा, बटर आणि साखरेचे थर, चौघांत एक पुरतो. खरंच पुरतो, आम्ही दोन घेतले होते.

मासे खाणाऱ्यांनी अर्धा दिवस कांकालला द्यावा, पूर्वेला पंधरा किलोमीटर, बस आहे. कालवांचं गाव. धक्क्याजवळ छोट्या टपऱ्या असतात, ते समोर कालवं फोडून लिंबू लावून देतात, समुद्राच्या भिंतीवर बसून खायची आणि शिंपले खाली पुळणीवर फेकायचे, सगळे तसंच करतात. नंबर जितका मोठा तितकं कालव लहान, पहिल्यांदा कच्चं खाणाऱ्यांनी ४ किंवा ५ नंबर मागा. बाबांनी मालवणी कालवांचं सुकं आठवून उसासा टाकला आणि डझन संपवलं.

आणखी एक दिवस असेल तर

समोरच्या दिनारला बोट दहा मिनिटांत नेते, नुसतं तिकडून सँ मालो बघायला जावं. इंजिनिअर मंडळींनी रांस नदीच्या मुखावरचं वीजकेंद्र चुकवू नये, भरती-ओहोटीवर चालणारं, १९६६ मध्ये सुरू झालेलं जगातलं पहिलं मोठं, ७५० मीटर लांब, २४ टर्बाइन, २४० मेगावॉट, आणि वरून रस्ता जातो. मों सँ मिशेलला, म्हणजे समुद्रातल्या खडकावरच्या प्रसिद्ध मठाला, बसने सव्वा तासाच्या आसपास लागतो, पण तो पूर्ण दिवस खातो, तीन दिवसांत कोंबू नका, त्याच्यासाठी ओहोटीचा दिवस तर मुळीच खर्च करू नका. आम्ही पहिल्या खेपेला तेच केलं होतं.

कपड्यांचं एकच, छत्री नको, वाऱ्यात उलटी होते. विंडचीटर घ्या, जूनमध्येही.

निघायच्या दिवशी ऑर्म रस्त्यावर बोर्दिए यांचं बटरचं दुकान आहे, समुद्री शेवाळ घातलेलं बटर मिळतं, प्रवासाला म्हटलं तर व्हॅक्यूम पॅक करून देतात. इंग्लंडला परतणाऱ्यांनी दुधाच्या पदार्थांचे नियम आधी बघा, २०२५ च्या एप्रिलपासून युरोपातून बटर-चीज न्यायला तिथे बंदी घातली गेली. आम्ही शेजारच्या बेकरीतून गरम पाव घेतला आणि गाडीतच पाकीट फोडलं, रेन यायच्या आत अर्धं संपलं होतं, आणि ते शेवाळाचं आईनेच संपवलं.